केमो पण झाडपालाच आहे, मग भांडण कशाचं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योत सिंग सिद्धूंनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की बायकोचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, तुळस आणि साखर बंद करून आटोक्यात आला. लगेच टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सर डॉक्टरांनी सह्या करून पत्रक काढलं की याला पुरावा नाही, कृपा करून उपचार सोडू नका. मग सिद्धूंचा खुलासा आला की डाएट डॉक्टरांच्या सल्ल्यानं, उपचाराच्या जोडीला होतं, आणि ऑपरेशन, केमो हे सगळं झालेलं होतंच. पण खुलासा कोण फॉरवर्ड करतं? तेव्हापासून हा वाद दर दोन-तीन महिन्यांनी नवीन नाव घेऊन येतो, कधी लक्ष्मणफळ, कधी गव्हांकुर, कधी गुळवेल. दोन्हीकडचे डायलॉग तर आता पाठ झालेत. एक बाजू म्हणणार आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, फार्मा कंपन्यांनी दाबून ठेवलंय. दुसरी बाजू म्हणणार झाडपाल्यानं कॅन्सर बरा होत असता तर बकरीला कधीच झाला नसता. हशा, स्मायली, ग्रुप अ‍ॅडमिनची विनंती, विषय बंद.

मला या दोन्ही बाजूंचा कंटाळा आलाय, कारण दोघंही अशा प्रश्नावर भांडतायत ज्याचं उत्तर साठ वर्षांपूर्वी मिळालंय. वनस्पतीत कॅन्सरवर चालणारं काही असतं का? असतं. आज आपल्याकडच्या कुठल्याही कॅन्सर वॉर्डात सलाईनला जे लावतात त्यातलं बरंचसं मुळात कुठल्या तरी झाडाच्या सालीतून, पानातून, मुळातून आलेलं आहे. त्यामुळे बकरीवाला जोक करणारा अडाणीपणाच करतोय. पण त्यावरून उडी मारून ‘म्हणजे आमचा काढा चालतो’ म्हणणारा त्याच्याही पुढं गेलाय, कारण विचारायला पाहिजेत ते प्रश्न वेगळेच आहेत: झाडातला नेमका कुठला घटक, किती डोस, तोंडानं घेतला तर रक्तात किती उतरतो, गाठीपर्यंत पोचतो का, आणि हे सगळं किती माणसांवर, कशाशी तुलना करून तपासलंय? याच्यावर बोला की. तिथं मात्र दोन्हीकडे शांतता असते.

सदाफुलीचंच बघू, कारण ती सगळ्यांच्या दारात आहे. मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे कंपाउंडच्या भेगेतही उगवते. सकाळी उपाशीपोटी तिची पानं किंवा फुलं चावा, शुगर उतरते, हा सल्ला महाराष्ट्रात कुणी ऐकला नसेल असं मला वाटत नाही. गंमत म्हणजे जगात दुसऱ्या टोकाला, जमैकातही हीच समजूत होती. १९५२ साली तिथून एका पेशंटनं कॅनडातल्या क्लार्क नोबल नावाच्या डॉक्टरांना पाकिटातून २५ पानं पाठवली, की याचा चहा इथं डायबेटीसवर घेतात, बघा जरा. त्यांनी ती आपल्या भावाला, रॉबर्ट नोबलना दिली. त्यांनी उंदरांना अर्क पाजला तर शुगरवर काहीच परिणाम नाही. मग शिरेतून टोचून बघितला तर उंदीर इन्फेक्शननं मरायला लागले. इथं दुसरा कुणी असता तर फाईल बंद केली असती, पण यांनी रक्त तपासलं आणि लक्षात आलं की पांढऱ्या पेशीच ढासळल्यात. पांढऱ्या पेशी कमी करणारं काहीतरी पानात आहे, आणि ल्युकेमिया म्हणजे पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याचाच आजार! १९५८ मध्ये चार्ल्स बीअर या रसायनतज्ज्ञाच्या मदतीनं ते द्रव्य, व्हिनब्लास्टिन, वेगळं झालं. तिकडे एली लिली कंपनीतही याच झाडावर काम चालू होतं, तिथून व्हिन्क्रिस्टिन आलं आणि १९६३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याआधी मुलांचा ल्युकेमिया म्हणजे काही महिन्यांचा हिशोब होता. आज चांगल्या केंद्रात दहातली आठ-नऊ मुलं वाचतात. एकट्या व्हिन्क्रिस्टिनमुळे नाही अर्थात, ते चार-पाच औषधांपैकी एक, पण पाठीचा कणा म्हणावं असं.

आता या गोष्टीचा उपयोग काढेवाली बाजू हमखास करते, बघा म्हणजे सदाफुलीनं कॅन्सर बरा होतो! थांबा. पानातली मात्रा किती हे बघा. हे औषध झाडात दोन वेगवेगळ्या घटकांच्या जोडणीतून बनतं, त्यातला एक, कॅथॅरँथिन, पानाच्या वरच्या मेणासारख्या थरात साठतो आणि दुसरा, व्हिंडोलिन, आतल्या पेशींमध्ये. दोघांची गाठ पडतच नाही, म्हणून तयार औषध पानात नावापुरतं सापडतं आणि ग्रॅमभर काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. त्या पानात अल्कलॉइड्स म्हणतात अशी शंभरावर इतर रसायनं आहेत, प्रत्येकाचा गुण वेगळा. खुद्द व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिनमध्ये फरक रेणूच्या एका कोपऱ्यातल्या दोन-तीन अणूंचा, पण एक मुख्यतः बोनमॅरोला धक्का देतं आणि दुसरं नसांना, हातापायाला मुंग्या आणतं. मोठ्या माणसाला व्हिन्क्रिस्टिन एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. बाटलीवर ठळक लिहिलेलं असतं की फक्त शिरेतून द्यायचं, दुसऱ्या कुठल्याही मार्गानं दिलं तर जीव जाईल. चुकून पाठीच्या मणक्यात टोचलं गेलं आणि माणूस गेला, असे प्रकार जगभर झालेत. दोन मिलिग्रॅमच्या वस्तूचा एवढा धाक असताना ‘चार-पाच पानं धुऊन चावा’ या सल्ल्याचा नेमका अर्थ काय होतो? एक तर पोटातून तुम्हाला काहीच मिळत नाही, नाहीतर जे मिळतं ते काय आणि किती हे देणाऱ्याला माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही.

इथं एक मुद्दा येतो तो मी मान्य करतो. म्हणतात की एकच घटक वेगळा काढणं हा पाश्चात्त्य हट्ट आहे, अख्ख्या वनस्पतीत सगळे घटक एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून साईड इफेक्ट होत नाहीत. यातलं पहिलं वाक्य काही ठिकाणी खरं असू शकतं. घटक मिळून जास्त काम करतात अशी उदाहरणं फार्माकोलॉजीत आहेत, केमोची औषधं सुद्धा एकेकटी न देता कॉम्बिनेशनमध्येच देतात. पण ‘सांभाळून घेतात’ हे गृहीत कसं धरायचं? झाड ही रसायनं आपल्यासाठी बनवत नाही हो. अळीनं, किड्यानं, गुरानं खाऊ नये म्हणून बनवतं. वनस्पतीतली कॅन्सरवर चालणारी बहुतेक औषधं मुळात विषं आहेत, आणि विष आहेत म्हणूनच चालतात. पेशी दुभंगताना आत बारीक तंतू तयार होतात, त्यावरून गुणसूत्रं ओढली जातात. सदाफुलीचं औषध ते तंतू बनूच देत नाही आणि यू नावाच्या झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल ते बनलेले तंतू सुटूच देत नाही, दोन्हीकडे पेशी अर्ध्यात अडकून मरते. केसांच्या मुळाच्या, तोंडातल्या, आतड्याच्या पेशीही सतत दुभंगत असतात, त्या पण सापडतात तडाख्यात. म्हणजे ज्या केस गळण्याला आणि तोंड येण्याला घाबरून लोक ‘नैसर्गिक’ उपायाकडे पळतात ते केस मुळात एका झाडाच्या विषानंच गळतायत. केमो म्हणजे विष, असं कुणी म्हटलं की मी आता वाद घालत नाही, हो म्हणतो, झाडाचंच आहे, मापून दिलेलं.

आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे महाराष्ट्रात बसून कुणी म्हणावं? तंबाखू काय कारखान्यात बनते? सुपारीत कुठलं केमिकल मिसळावं लागत नाही, नुसती सुपारीच पुरते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये तिला पक्क्या कॅन्सरकारकांच्या यादीत टाकलंय. आपल्याकडची तोंडाच्या कॅन्सरची ओपीडी शंभर टक्के हर्बल मालानं भरलेली असते. बरं, हे तर व्यसन झालं, चांगल्या गोष्टींचं काय? गाजरातलं बीटा-कॅरोटिन घ्या. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी दिसत होता, रक्तात बीटा-कॅरोटिन जास्त असलेल्यांत कमी दिसत होता, प्रयोगशाळेतले रिझल्ट चांगले होते. म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली, काहींना गोळी, काहींना खोटी गोळी. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. जास्त! अमेरिकेत अशीच दुसरी ट्रायल चालू होती, तिथं २८ टक्के जास्त दिसला आणि १९९६ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. गाजरानं कॅन्सर होतो असं कुणी समजू नका, खुशाल खा. पण गाजर आणि त्यातून काढून ठासून भरलेली गोळी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक नुसत्या तर्कानं आधी कुणालाही कळला नव्हता, भल्याभल्या शास्त्रज्ञांनाही नाही. ट्रायल केली म्हणून कळलं.

आता हळद. हळदीवर बोललं की लोक दुखावतात, पण बोलायला हवं. हळदीतल्या कर्क्युमिननं कॅन्सरच्या पेशी मारल्या अशी बातमी तुम्ही निदान पन्नास वेळा वाचली असेल आणि ती खोटी नसते. प्लेटमधल्या पेशींवर कर्क्युमिन ओतलं की त्या मरतात. पण प्लेटमध्ये ओतणं आणि माणसाच्या पोटातून गाठीपर्यंत पोचवणं ह्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. हळदीत कर्क्युमिन असतं तीनेक टक्के, ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही, जे जातं त्याची लिव्हर लगेच वासलात लावते, आणि काही-काही ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन गिळूनही रक्तात नगण्य सापडतं. वर त्याचा एक वाह्यात स्वभाव आहे, ते प्रयोगशाळेतल्या टेस्टलाच फसवतं, स्वतःच चमकतं, प्रथिनांना चिकटतं, मोडून दुसरं काहीतरी बनतं, त्यामुळे जिथं परिणाम नाही तिथंही परिणाम झाल्यासारखा दिसतो. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या नावाजलेल्या जर्नलमध्ये काही शास्त्रज्ञांनी कर्क्युमिनची सगळी कुंडली मांडली: १२० च्या वर ट्रायल्स झालेल्या, आणि त्यात नीट डबल-ब्लाइंड, म्हणजे खरी गोळी कुणाला हे डॉक्टरला आणि पेशंटलाही माहीत नसलेली, एकही यशस्वी नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात हळदीवर ढीगभर पेपर लिहिणाऱ्या प्राध्यापकांचे कितीतरी पेपर पुढं मागे घ्यावे लागले, ही बातमी मात्र आपल्या ग्रुपवर येत नाही.

‘पण अमेरिकेनं हळदीचं पेटंट घेतलं होतं, माशेलकरांनी लढून परत आणलं, मग काहीतरी असेलच ना?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतो. ती लढाई खरी आणि अभिमानाचीच. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीनं जखम भरण्याचं पेटंट मिळालं, माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ आणि लेख पुढं ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण रद्द कशासाठी झालं? तर यात नवीन काही नाही, भारतात हे आधीपासून माहीत आहे म्हणून. हळद कॅन्सरवर चालते की नाही हा प्रश्न त्या केसमध्ये कुणी विचारलाच नव्हता. पेटंट ऑफिस म्हणजे काही ट्रायल नव्हे. सांगलीच्या यार्डातल्या हळदीला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा अधिकृत शिक्का, मिळालाय, वायगावच्या हळदीला मिळालाय, भाजीत घाला, जखमेवर दाबा, लग्नात लावा, तिचा मान कुठं कमी होत नाही. केमो सोडून घेऊ नका एवढंच.

फार्मा कंपन्यांचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. जे झाड कुणाच्याही अंगणात उगवतं त्यावर पेटंट मिळत नाही, पेटंट नाही तर नफा नाही, नफा नाही तर ट्रायलवर कोट्यवधी कोण घालणार? हे तंतोतंत खरं आहे आणि यामुळे काही चांगली औषधं अजून कुठं तरी पडून असतील हेही शक्य आहे. पण यातून ‘दाबून ठेवलंय’ कसं निघतं? टॅक्सॉलचीच गोष्ट बघा, आणि ही गोष्ट आपल्याला माहीत असायलाच हवी कारण तिच्यात नंदुरबारचा माणूस आहे. रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी. १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकले, मग इंडियाना विद्यापीठात पीएचडी आणि नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर आयुष्यभर काम. १९६६ मध्ये या जोडीनं एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरवर चालणारं द्रव्य काढलं आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना छापली. ती साल १९६२ मध्ये अमेरिकी सरकारच्या मोहिमेत गोळा झालेली. त्या मोहिमेत १९६० ते १९८२ पर्यंत ३५ हजार वनस्पती तपासल्या, एक लाख १४ हजार अर्क काढले, तेही करदात्यांच्या पैशातून. टॅक्सॉल पाण्यात विरघळेना, एका पेशंटपुरतं औषध काढायला कित्येक झाडं सोलावी लागत, साल काढली की झाड मरतं, त्यामुळे ते जवळपास बाजूला पडलं होतं. १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झनी ते तंतू कसे गोठवतं हे दाखवल्यावर पुन्हा जीव आला आणि १९९२ ला ओव्हरीच्या कॅन्सरसाठी मंजुरी. आणि पेटंट? त्या रेणूवर पेटंट नव्हतंच. सरकारनं ते ब्रिस्टल-मायर्स कंपनीच्या हवाली केलं, कंपनीला पाच वर्षांची मक्तेदारी मिळाली, आणि २००० साली एका वर्षात तिनं त्यावर दीड अब्ज डॉलरच्या वर धंदा केला. म्हणजे झाडाच्या सालीतलं, पेटंट नसलेलं औषध खरंच चालतंय म्हटल्यावर कंपनीनं ते दाबलं नाही, दोन्ही हातांनी ओरबाडलं. कंपन्या लोभी आहेत हे मला मान्य आहे, त्या लोभामुळेच त्या कडुनिंब सोडतील असं वाटत नाही. चालत असतं तर एव्हाना त्याच्या इंजेक्शनवर एमआरपी छापून आली असती.

लोकांचा रेटा असेल तर तपासतात का? तपासतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत जर्दाळूच्या बियांतून काढलेल्या लेट्राईलचं असंच खूळ होतं, हीच भाषा, हाच फार्माचा कट, कॅन्सरमधून सुटका हवी म्हणून लोक मेक्सिकोला जात होते, वीसच्या वर राज्यांनी कायदे करून परवानगी दिली. शेवटी सरकारी पैशातून १७८ पेशंट्सवर ते देऊन पाहिलं. १९८२ मध्ये निकाल: कुणी बरं झालं नाही, आयुष्य वाढलं नाही, काहींच्या रक्तात सायनाईड विषारी पातळीच्या जवळ पोचलं. आणि उपचार नाकारून नुसत्या पर्यायी मार्गानं जाणाऱ्यांचं काय होतं याचाही हिशोब अमेरिकेतल्या नोंदींवरून २०१८ मध्ये छापून आला. बरे होण्यासारखे कॅन्सर असलेल्या लोकांत मृत्यूचा धोका अडीच पट, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये तर पाच पटींच्या वर. ब्रेस्ट कॅन्सर लवकर सापडला तर किती बायका वीस-वीस वर्षं जगतात हे आपण आपल्याच नात्यात बघतो, आणि तिथंच सगळ्यात जास्त नुकसान.

एवढं सगळं मी काढेवाल्यांना ऐकवलं, आता दुसऱ्या बाजूला. परळला टाटाच्या बाहेर फूटपाथवर बिऱ्हाड करून राहिलेली माणसं ज्यानं पाहिलीत त्याला ‘लोक अंधश्रद्धाळू असतात’ हे वाक्य उच्चारवणार नाही. जळगावहून, बीडहून, कुठं बिहारहून आलेला माणूस रात्रभर नंबर लावून आत जातो, तीन मिनिटं मिळतात, त्यात तो घाबरत घाबरत विचारतो, “डॉक्टर, गव्हांकुराचा रस दिला तर चालेल का?” आणि बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, “काही देऊ नका.” का, ते नाही. रिपोर्टवर मान खाली. मग बाहेर जो कुणी त्याला अर्धा तास बसवून, नाव विचारून, आईची चौकशी करून पुडी देतो त्याच्यावर तो विश्वास ठेवणार नाही तर काय! पुडी घरी जाते आणि डॉक्टरपासून लपवली जाते, आणि खरा घोळ इथं होतो. कारण वनस्पती औषधांशी भांडतात. सेंट जॉन्स वर्ट नावाची उदासीवर घ्यायची विलायती बुटी इरिनोटेकॅन या केमोच्या औषधाबरोबर घेतली तर त्या औषधाच्या खरं काम करणाऱ्या अंशाची रक्तातली पातळी ४२ टक्क्यांनी उतरली, असं एका छोट्या डच अभ्यासात दिसलं. ग्रीन टीमधला घटक मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरच्या बॉर्टेझोमिब औषधाला चिकटून त्याला निकामी करतो हे २००९ मध्ये पेशींवर आणि उंदरांवर दिसलंय. म्हणजे जे दिलं ते ‘निदान अपाय तर नाही’ या हिशोबात बसत नाही. डॉक्टरनं खेकसून हे थांबणार नाही, केसपेपरवर ‘घरी काय काय घेता’ ही एक ओळ वाढवून आणि उत्तर ऐकून थांबेल.

आणि डॉक्टरांच्या बाजूनंही घाई होते हेही सांगायला हवं, नाहीतर मी एकाच पारड्यात बसलो असं होईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मेमोरियलमधूनच बातमी आली की द्राक्षाच्या सालात सापडणारं रेस्वेराट्रॉल आणि तांबं यांची शंभर रुपयांची गोळी कॅन्सर परत येणं रोखेल, काही महिन्यांत बाजारात. काम रोचक आहे आणि ते वर्षानुवर्षं चिकाटीनं करतायत यात वाद नाही, पण पुन्हा कॅन्सर येणं रोखतं हा दावा मुख्यतः उंदरांवरच्या कामावर उभा होता, माणसांवर लहान लहान अभ्यास झालेले. मग चॅनलवर शंभर रुपयांचा आकडा कशाला? दुसऱ्या दिवशी किती पेशंट्सच्या नातेवाइकांनी मेडिकलमध्ये जाऊन ती गोळी मागितली असेल. कडुनिंबाला जी फूटपट्टी लावायची तीच द्राक्षालाही लावा, मग ते सांगणारा कितीही मोठा का असेना.

परंपरेबद्दल आदर असलेल्या लोकांना मला सर्पगंधेची आठवण करून द्यायचीय. तिचं मूळ आपल्या वैद्यकीत शतकानुशतकं वापरलं जायचं. मुंबईत केईएम हॉस्पिटलात रुस्तम जाल वकील या डॉक्टरांनी ते हायपरटेन्शनच्या पेशंट्सना दिलं, बीपी मोजलं, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं त्यातून रेसरपिन वेगळं केलं आणि ब्लड प्रेशरच्या औषधांचं युग सुरू झालं. पुढं त्याचे दोषही कळले, डिप्रेशन येतं म्हणून वापर कमी झाला, चांगली औषधं आली. वकिलांनी परंपरेला नमस्कार पण केला आणि बीपीचं मशीनही लावलं, यात कुठं अपमान झाला? चीनच्या तू यूयूंनीही हेच केलं, जुन्या पोथीतल्या एका ओळीवरून मलेरियाचं आर्टेमिसिनिन थंड पद्धतीनं काढलं, २०१५ चं नोबेल घेतलं. आपल्याकडे आयुर्वेदावर प्रेम करणाऱ्यांची संख्या कोटीत आहे, पण कॅन्सरवर एखादा काढा नीट ट्रायलला लावा, हरला तर हरला म्हणून छापा, अशी मागणी करणारा मोर्चा मी अजून पाहिलेला नाही. १९५४ पासून कायदा आहे की कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करता येत नाही. हायवेच्या कडेच्या भिंती वाचल्या की तो किती पाळला जातो ते समजतं.

आणि हे सगळं भांडण चालू असताना सह्याद्रीत काय होतंय? कॅम्प्टोथेसिनचं चिनी झाड आपल्याकडे नाही, पण १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरमध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य पश्चिम घाटातल्या नरक्या नावाच्या झाडात सापडलं, आणि भरपूर सापडलं. त्या कॅम्प्टोथेसिनपासून बनलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन्ही औषधं १९९६ मध्ये मंजूर झाली, आतड्याच्या, ओव्हरीच्या कॅन्सरला आज रोज वापरतात. तेव्हापासून कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गातल्या जंगलातून नरक्या चोरून तोडला जातोय. गावातल्या माणसाला किलोमागं किरकोळ मजुरी, लाकडाच्या ढलप्या पोत्यात भरून ट्रकनं बाहेर, अधूनमधून वन खातं एखादी गाडी पकडतं, आतल्या पानावर दोन ओळींची बातमी येते. सदाफुलीच्या औषधाचे दोन्ही घटक २०२२ मध्ये यीस्टच्या पेशींकडून बनवून घेण्यापर्यंत डेन्मार्कमधले लोक पोचले, टॅक्सॉलसाठी आता झाड मारावं लागत नाही, दुसऱ्या जातीच्या यूच्या पानांपासून पुढची बांधणी होते. आपल्याकडे मात्र ज्या झाडातलं द्रव्य कॅन्सरवर चालतं हे पक्कं सिद्ध झालंय त्याची लागवड किती, त्याचा मोबदला डोंगरातल्या गावाला किती, यावर एकाही हर्बल ग्रुपमध्ये चर्चा नाही आणि बकरीचा जोक करणाऱ्यांना ते झाड माहीतही नाही. पूर्वजांचं ज्ञान वाचवायचं म्हणणाऱ्यांनी आंबोलीच्या नाहीतर पाटणच्या वन कार्यालयात माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा, गेल्या दहा वर्षांत नरक्याच्या किती गाड्या पकडल्या, किती जणांना शिक्षा झाली आणि किती रोपं लावली. आलेलं उत्तर ग्रुपवर टाका, मी स्वतः ते फॉरवर्ड करीन.